घडवलेला डोंगर : झापोतेकांच्या पवित्र टेकड्यांविषयी

मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका राज्यात, डोंगररांगांच्या मधोमध, तीन फाट्यांचे एक खोरे आहे. वायव्येकडचा एत्लाचा फाटा अरुंद पण पाणीदार, पूर्वेकडचा त्लाकोलुलाचा कोरडा, आणि दक्षिणेकडे साआचिलाच्या दिशेने जाणारा सर्वांत रुंद. हे तिन्ही फाटे जिथे मिळतात तिथे खोऱ्याच्या तळापासून सुमारे 400 मीटर उंचीचा एक डोंगर उभा आहे. इ.स.पू. 500 च्या सुमारास त्याच्या माथ्यावर वस्ती झाली आणि पुढची तेरा शतके ती झापोतेक लोकांची राजधानी म्हणून नांदली. मॉन्ते आल्बान हे तिचे आजचे नाव. मेसोअमेरिकेतल्या अगदी आरंभीच्या शहरांत तिची गणना होते, आणि तिथल्या दगडांवरची लिपी त्या साऱ्या प्रदेशातल्या सर्वांत जुन्या लिप्यांपैकी एक आहे. माया आणि अॅझ्टेक ही नावे मराठी वाचकाच्या कानावर असतात. झापोतेकांचे नाव मात्र क्वचितच भेटते. हे लोक लुप्तही झालेले नाहीत. झापोतेक कुळातल्या भाषा आज 4 लाखांहून अधिक माणसे बोलतात, आणि एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्षपद भूषवणारे बेनितो हुआरेस याच समाजात, 1806 साली, वाहाकाच्या डोंगरी गावात जन्मले.

या संस्कृतीविषयी लिहिताना ‘पवित्र पर्वत’ हे दोन शब्द फार लवकर हाताशी येतात आणि विचार तिथेच थांबतो. डोंगर पवित्र होता म्हणून लोक तिथे गेले, आणि लोक तिथे गेले यावरून तो पवित्र होता हे कळते. अशा वर्तुळात फिरून इतिहास पुढे सरकत नाही. या प्रस्तावनेतून मला मांडायचे आहे ते असे: झापोतेकांच्या टेकड्यांना पावित्र्य आयते मिळाले नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांनी रचले गेले, त्या श्रमांचा मोठा वाटा सामान्य कुटुंबांचा होता, आणि म्हणूनच राजे गेले, राजधानी ओस पडली, परका धर्म आला, तरी ते पावित्र्य टिकले. राज्यसत्तेने त्याचा वापर केला, पण ती त्याची मालक कधीच झाली नाही. हे पटवून द्यायचे तर पुरावा दगडामातीचा हवा आणि विरुद्ध बाजूने येणारे आक्षेपही ऐकून घ्यायला हवेत. मराठी वाचकाला डोंगरमाथ्यावरची दैवते घरची आहेत, त्यामुळे पुढचे सारे ओळखीचे वाटण्याचा मोह होईल. तो आवरावा. दोन्ही प्रदेशांचा प्राचीन काळी एकमेकांशी काही संबंध नव्हता. झापोतेकांचे डोंगर त्यांच्याच पावसावरून, त्यांच्याच मक्यावरून आणि त्यांच्याच पूर्वजांवरून समजून घ्यायला हवेत.

मॉन्ते आल्बान वसण्याआधी खोऱ्यातले सर्वांत मोठे गाव होते एत्लाच्या फाट्यातले सान होसे मोगोते. नदीकाठची काळी जमीन, हाताशी पाणी, बारमाही शेती, असे तिथले सुख होते. केंट फ्लॅनरी आणि जॉइस मार्कस यांनी या ठिकाणी दीर्घकाळ उत्खनन केले. त्यांना एका उंचवट्यावर बांधलेले देऊळ सापडले, इ.स.पू. 600 च्या सुमारास ते अशा आगीत जळले होते की भिंतींवरची माती भाजून काचेसारखी झाली होती. जवळच एका अरुंद बोळाच्या तोंडाशी, जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय पडेल असा, एक कोरीव दगड बसवलेला होता. त्यावर डोळे मिटलेला, छाती फाडलेला माणूस आहे आणि त्याच्या पायांमध्ये पंचांगातली एक खूण आहे. बहुधा ते त्याचे नाव. या दगडाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण खोऱ्यातल्या गावागावांत त्या शतकांत वैर पेटलेले होते याविषयी फारसे दुमत नाही. तिन्ही फाट्यांच्या मधला प्रदेश तेव्हा जवळजवळ निर्मनुष्य होता. आणि मग थोड्याच काळात सान होसे मोगोते बरेचसे रिकामे झाले, तोवर कुणी न राहिलेल्या डोंगरावर मात्र हजारो माणसे दिसू लागली. पहिल्या दोन शतकांतच तिथली लोकसंख्या 5,000 च्या घरात गेली असावी, असा सर्वेक्षणांवरून केलेला अंदाज आहे.

हे स्थलांतर सोयीचे मुळीच नव्हते. माथ्यावर बारमाही झरा नाही, उतारावरची माती पातळ, आणि कसदार शेते तर खाली खोऱ्यात. ओझ्याचा प्राणी मेसोअमेरिकेत नव्हता, गाडीही नव्हती. कुत्रा आणि टर्की एवढीच काय ती पाळीव जनावरे. पाण्याचा घडा असो, मक्याची पाटी असो की चुन्याचे पोते, सगळे माणसाच्या पाठीवरून वर चढायचे. अशा जागी या लोकांनी सुमारे 300 मीटर लांब आणि 150 ते 200 मीटर रुंद पटांगण तयार केले. त्याची आखणी सुरुवातीच्या पिढ्यांनी केली आणि ते पूर्ण व्हायला काही शतके लागली. माथा मुळात सपाट नव्हता. खोलगट जागा भरून काढल्या, उंचवटे फोडले, आणि जे कातळ फोडण्यापलीकडचे होते त्यांना पोटात घेऊनच इमारतींची जोती बांधली. पटांगणाच्या मधली इमारतींची रांग आणि दोन्ही टोकांची प्रचंड जोती अशा कातळांवरच बसलेली आहेत. पूर्वेच्या उताराशी बंधारा घालून कालवा काढला, त्यावर खालची काही शेते भिजत. या लोकांना डोंगर जसा मिळाला तसा त्यांनी ठेवलाच नाही. त्याचा माथा त्यांनी जवळजवळ नव्याने घडवला. या घडवण्याला एक ठेकेदार, एक राजा किंवा एक हंगाम पुरला नसता. एका पिढीने भरलेल्या जागेवर दुसरीने गिलावा केला आणि तिसरीने जोते चढवले, तेव्हा कुठे ते पटांगण झाले. पावित्र्याचा पहिला पुरावा मला या कष्टांत दिसतो, कारण पोटाला किंवा संरक्षणाला जेवढे पुरेसे होते त्याच्या कितीतरी पलीकडचे काम इथे झालेले आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संरक्षणाचा आहे. युद्धाच्या काळात माणसे उंचावर जातात, त्याला देवधर्माचे कारण शोधायची गरज काय? आक्षेप खरा आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. जळलेले देऊळ, ओसाड पडलेला मधला पट्टा, आणि शहर वसल्यानंतर काही पिढ्यांनी उत्तर व पश्चिमेकडच्या सौम्य उतारांवर बांधलेली सुमारे 3 किलोमीटरची भिंत हे सारे भीतीचीच साक्ष देते. पण संरक्षणाने उंची समजते, भिंत समजते. पटांगण समजत नाही. ज्याला केवळ जीव वाचवायचा आहे तो हजारो लोक एकत्र उभे राहतील एवढी मोकळी जागा कातळ फोडून तयार करत नाही. शिवाय युद्ध आणि उपासना ही दोन वेगवेगळी खाती आपण मानतो, झापोतेक मानत नव्हते. पराभूत गावाचे देऊळ जाळणे हा युद्धाचाच भाग होता, कारण देऊळ गेले की त्या गावाचे एकत्र राहण्याचे कारणच गेले. मग वैराने पोळलेल्या अनेक गावांना एकत्र नांदायचे असेल तर नवे देऊळ, नवे पटांगण आणि नवी प्रतिज्ञा लागणारच, आणि ती कोणा एका गावाच्या जुन्या जमिनीवर असून चालणार नाही. 1970 च्या दशकात डोंगराची पायी पाहणी करणाऱ्या रिचर्ड ब्लँटन यांनी याच दिशेने विचार मांडला होता: तटस्थ जागी अनेक गटांनी मिळून वसवलेली ही राजधानी असावी. त्यांच्या मांडणीवर टीका झाली. शहर आसपासच्या शेतीपासून इतके तुटलेले नव्हते, हे टीकाकारांनी दाखवून दिले आणि ते मान्य करायला हवे. पण कोणाचीच नसलेली जागा सर्वांची करण्यासाठी जे करावे लागते ते इथे झाले, एवढा त्या मांडणीचा गाभा मला अजूनही टिकाऊ वाटतो.

या शहराचे दगडही युद्ध आणि डोंगर यांची सांगड घालतात. पटांगणाच्या नैर्ऋत्येकडच्या इमारतीशी 300 हून अधिक कोरीव शिळा सापडल्या. त्यांवर नग्न पुरुष आहेत. हातपाय वेडेवाकडे, तोंडे उघडी, बहुतेकांचे डोळे मिटलेले. एकोणिसाव्या शतकात त्यांना ‘नर्तक’ हे नाव पडले आणि ते चिकटून राहिले. विसाव्या शतकात मायकेल को यांनी हे ठार केलेले बंदी असल्याचे सुचवले आणि ते मत दीर्घकाळ प्रचलित राहिले. अलीकडे हाविएर उर्सिद यांनी वेगळा अर्थ लावला आहे: स्वतःचे रक्त अर्पण करणाऱ्या योद्ध्यांच्या मंडळाचे, वयाच्या पायरीनुसार मांडलेले हे चित्रण असावे. कोणताही अर्थ घेतला तरी रक्त आणि पटांगण यांचे नाते सुटत नाही. याहून बोलका पुरावा आहे बाणाच्या टोकासारख्या आकाराच्या, शेजारच्या सर्व इमारतींपेक्षा वेगळ्या कोनात वळलेल्या इमारतीचा. तिच्या भिंतींत 40 हून अधिक शिळा बसवल्या आहेत आणि त्यांवर एकच मांडणी पुन्हा पुन्हा येते: डोंगराचे चिन्ह, त्याच्यावर त्या जागेची खास खूण, आणि पुष्कळ शिळांवर खाली उलटे लोंबणारे मिटल्या डोळ्यांचे मस्तक. आल्फोन्सो कासो यांनी ही जिंकलेल्या गावांची यादी मानली. यांतली काही गावे ओळखता आली आहेत. उत्तरेकडची कुइकात्लानची घळ हे त्यांतले ठळक उदाहरण. तिथे चार्ल्स स्पेन्सर आणि एल्सा रेडमंड यांच्या उत्खननात उद्ध्वस्त झालेले गाव आणि 61 कवट्यांची मांडणी सापडली. झापोतेक लिपीत गाव लिहायचे म्हणजे डोंगर काढायचा. त्यांच्या लेखी प्रत्येक समाजाला त्याचा डोंगर होता, आणि समाज जिंकणे म्हणजे त्याचा डोंगर उलथवणे.

मॉन्ते आल्बानचा डोंगर जन्मतःच इतरांहून पवित्र असता तर बाकीच्यांनी त्याच्यापुढे आपणहून मान तुकवली असती. तसे घडले नाही. दक्षिण फाट्यातल्या सान मार्तीन तिल्काहेते इथल्या लोकांनी राजधानीला दीर्घकाळ दाद दिली नाही. इ.स.पू. 300 च्या सुमारास त्यांचे खालचे पटांगण जळाले. ते शरण गेले नाहीत. जवळच्या उंच, अडचणीच्या जागी चढले, तिथे तटबंदी बांधली आणि नवे पटांगण मांडताना खालच्या जुन्या पटांगणाचीच दिशा जशीच्या तशी राखली, मॉन्ते आल्बानची दिशा घेतली नाही. जाळपोळीनंतर, घरे उभारण्याच्या धांदलीत, कुणी दिशेचा असा हट्ट धरतो तेव्हा ती दिशा म्हणजे त्यांचे सामाजिक अस्तित्व असते. इ.स.पू. पहिल्या शतकात हे ठिकाणही जाळले गेले आणि प्रतिकार संपला. या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पावित्र्य एका डोंगराची मिरास नव्हती; ते उचलून दुसऱ्या माथ्यावर नेता येत होते, पुन्हा रचता येत होते. आणि ते रचणे हे साऱ्या समाजाचे काम होते, कारण नुकत्याच पोळलेल्या माणसांना वेठीला धरून असे पटांगण करून घेणे कोणत्याही लहान सरदाराच्या आवाक्यातले नव्हते.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो टाळता येणारा नाही. श्रम सामान्यांचे होते हे खरे. पण इच्छा कोणाची? इजिप्तच्या पिरॅमिडांवरही सामान्यच राबले. याचे उत्तर पटांगणावर कमी आणि उतारावर जास्त मिळते. मॉन्ते आल्बानच्या उतारांवर 2,000 हून अधिक सपाट टप्पे आहेत. दगडी ताली घालून, मागची जमीन कोरून आणि पुढची भरून तयार केलेल्या या टप्प्यांवर शहराची बहुतेक माणसे राहत. बहुतेक टप्पे एकदोन कुटुंबांपुरते आहेत. मोठ्या वसाहतींचा साचा त्यांत दिसत नाही. पूर्वेच्या कोरड्या फाट्यातल्या एल पाल्मियो या टेकडीवर गॅरी फाइनमन आणि लिंडा निकोलस यांनी असेच टप्पे बारकाईने खणले. तिथे सुमारे 1,400 टप्पे आहेत. अंगणाभोवतीच्या खोल्या, घायपात भाजायच्या भट्ट्या, धागा कातायच्या चात्या, गारगोटीची हत्यारे असा घरगुती संसार त्यांतून उघड झाला. पुष्कळ ठिकाणी शेजारच्या टप्प्यांची ताल एकच आहे. एका घराने डागडुजी सोडली तर पाऊस दोघांचीही जमीन घेऊन जाणार. असे शेजार राजाज्ञेने पिढ्यान्‌पिढ्या चालत नाहीत. त्याला रोजचे सहकार्य लागते. शिवाय मॉन्ते आल्बानच्या पहिल्या शतकांत राजाचे गौरवचित्रण जवळजवळ नाही. माया शहरांत राजा दगडादगडावर नाव घालून उभा असतो; इथे ओळीने दिसतात ते बंदी किंवा योद्धे, आणि मोकळे पटांगण.

अर्थात ही स्थिती कायम राहिली नाही आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने हे बदलणे फार महत्त्वाचे आहे. इ.स. 200 नंतरच्या शतकांत पटांगण चारी बाजूंनी इमारतींनी वेढले गेले आणि आत शिरण्याच्या वाटा मोजक्या उरल्या. उत्तरेच्या जोत्यावर सरदारांची निवासस्थाने आणि बंदिस्त चौक उभे राहिले. दक्षिणेच्या जोत्याशी बसवलेल्या शिळांवर सिंहासनावरचा राजा दिसतो, आणि हात बांधलेले कैदी दिसतात. तेही आपापल्या गावाच्या डोंगरचिन्हावर उभे. घरांखालच्या दगडी कबरी अधिकाधिक देखण्या झाल्या, त्यांच्या भिंतींवर रंगीत चित्रे आली. दीडशेहून अधिक कबरी आजवर उजेडात आल्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकानंतर लहान शिळांवर कुळांची वंशावळ आणि विवाह कोरले जाऊ लागले. सर्वांनी मिळून घडवलेली जागा काही घराण्यांच्या अंगणासारखी झाली होती. याच काळात शहर सर्वांत मोठे, सुमारे 25,000 वस्तीचे होते. म्हणजे दुष्काळाने खंगलेले किंवा रिकामे होत चाललेले शहर नव्हे, तर भरात असलेले शहर पुढच्या संकटाकडे चालले होते. नवव्या शतकापर्यंत मुख्य पटांगणावरचे बांधकाम थांबले आणि बहुतेक लोक उतरून गेले. या पडझडीची कारणे अनेक होती. उत्तरेची महानगरी तेओतिवाकान आधीच कोसळली होती आणि खोऱ्यातली लहान केंद्रे बळावली होती. पण ज्या जागेत आपला वाटा उरला नाही ती सोडून जायला माणसाला फार मोठे कारण लागत नाही, हेही या कारणांत धरले पाहिजे.

मग या लोकांना डोंगरात नेमके काय दिसत होते? इथे आपण दोमिनिकन पंथाचा पाद्री हुआन दे कोर्दोवा याचे ऋणी आहोत. 1578 मध्ये छापलेला त्याचा झापोतेक शब्दकोश आजही या संस्कृतीचे मोठे दार आहे. त्यातून आणि त्या काळच्या इतर नोंदींतून कळते की झापोतेक ज्याला ‘पे’ म्हणत तो श्वास, वारा आणि प्राण एकच होता, आणि जे जे हलते त्यात तो असे. वीज आणि पाऊस यांचा अधिपती कोसीहो. 260 दिवसांच्या पवित्र पंचांगाचे 65 दिवसांचे चार भागही याच नावाने ओळखले जात. मेलेले पूर्वज ढगांशी जोडलेले मानले जात आणि जिवंतांची कैफियत ते विजेपर्यंत पोचवत. वाहाकाच्या खोऱ्यात पाऊस मे ते ऑक्टोबर एवढाच. तोही दरवर्षी सारखा नाही, आणि दोन फाट्यांतही सारखा नाही. ढग आधी डोंगराला भिडतात, मग शेताला. मक्यावर जगणाऱ्या समाजाने पावसाशी बोलण्याची जागा माथ्यावर मांडली यात नवल नाही. यावर तिसरा आक्षेप असा की सोळाव्या शतकातल्या परक्या पाद्र्याच्या नोंदी दोन हजार वर्षे मागे नेणे अशास्त्रीय आहे. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणून नुसत्या साम्यावर भिस्त ठेवू नये. परंतु ज्या गोष्टी दोन्ही टोकांना प्रत्यक्ष सापडतात त्या नाकारताही येत नाहीत. डोंगराचे चिन्ह सुरुवातीच्या शिळांवर आहे. पवित्र पंचांगाच्या खुणा तिथेच आहेत. कोसीहोच्या मुद्रेची मातीची पात्रे कबरींत शतकानुशतके ठेवलेली आहेत. मधले दुवे असे हाती लागतात तेवढेच सातत्य मानावे, त्याहून अधिक मानू नये.

राजधानी पडल्यानंतरचा काळ माझ्या मुद्द्याची खरी कसोटी आहे. पावित्र्य राज्याचे असते तर राज्याबरोबर ते संपले असते. झाले ते असे: पटांगण ओस पडल्यावरही माणसे तिथे अर्पण करायला येत राहिली. जानेवारी 1932 मध्ये कासो यांनी ‘सातवी कबर’ उघडली. ती मुळात झापोतेकांची जुनी कबर. शहर ओस पडल्यानंतर कित्येक पिढ्यांनी मिश्तेक परंपरेतल्या लोकांनी तीत पुन्हा दफन केले आणि सोने, फिरोजा, मोती, कोरीव हाडे यांचा अमोल ठेवा सोबत ठेवला. ज्यांचे राज्य तिथे कधीच नव्हते त्यांनाही आपल्या मृतांसाठी ती जागा योग्य वाटली. झापोतेक सत्ता मित्ला, साआचिला अशा खोऱ्यातल्या गावांत विभागली गेली, तरी डोंगर सुटला नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अॅझ्टेक फौजा चालून आल्या तेव्हा झापोतेक राजा कोसिहोएसाने तेवान्तेपेकजवळच्या गियेंगोलाच्या डोंगरावरून त्यांना काही महिने झुंजवले. या ठिकाणाला दीर्घकाळ नुसता किल्ला समजत. अलीकडच्या लेझर सर्वेक्षणातून तिथे 1,100 हून अधिक वास्तूंचे, देवळे आणि चेंडूच्या मैदानांसह वसलेले पूर्ण शहर दिसून आले. युद्धाची जागा, राहण्याची जागा आणि देवाची जागा, असे तिन्ही पुन्हा एकाच माथ्यावर.

स्पॅनिश विजयानंतरची कहाणी याहून लांब आहे. पूर्वेच्या फाट्यातल्या माकुइल्शोचित्ल गावाने 1580 मध्ये स्पेनच्या राजाच्या प्रश्नावलीला उत्तर म्हणून नकाशा पाठवला. त्यात गावामागची टेकडी ठळकपणे काढलेली आहे. त्या दानुश टेकडीच्या माथ्यावर मॉन्ते आल्बानच्या उतरत्या काळात मोठे देवालय होते, हे रोनाल्ड फॉल्सिट यांच्या उत्खननातून दिसले. आज मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पवित्र क्रुसाच्या सणाला गावकरी त्याच माथ्यावर चढतात. शेजारच्या तेओतित्लान देल वाये गावातही त्याच सणाला टेकडी चढण्याची रीत आहे. मित्लाजवळच्या क्रुसापाशी वर्षअखेरच्या रात्री लोक खड्याकाटक्यांची इवली घरे, शेते आणि गोठे मांडून येत्या वर्षासाठी मागणे मागतात. एल्सी क्लूज पार्सन्स यांच्या मित्लावरच्या 1936 च्या ग्रंथात या चालीची नोंद आहे. यावर कुणी म्हणेल की हा ख्रिस्ती सण आहे, त्याचा प्राचीन झापोतेकांशी काय संबंध? क्रूस ख्रिस्ती आहे यात शंका नाही, आणि आजचे झापोतेक मनोभावे ख्रिस्ती आहेत. त्यांच्या श्रद्धेला जुन्या धर्माचा मुखवटा म्हणणे त्यांचा अपमान ठरेल. पण कोणत्या दिवशी, कोणत्या माथ्यावर, कशासाठी जायचे हे पाद्र्यांनी एकट्याने ठरवले नव्हते. सण बदलला तरी पावसाआधी आपला डोंगर सर्वांनी मिळून चढायचा, हे काम गावाने स्वतःकडे ठेवले. हे सातत्य गुप्त राहिलेल्या श्रद्धेमुळे टिकलेले नाही. दरवर्षी नव्याने केलेल्या श्रमामुळे टिकलेले आहे. मॉन्ते आल्बानच्या पटांगणातही तेच घडले होते.

हे सारे मान्य केले तर या ठिकाणांची राखण कशी करायची याचाही विचार बदलावा लागतो. 1987 मध्ये युनेस्कोने वाहाका शहराचा जुना भाग आणि मॉन्ते आल्बान यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पटांगण, कबरी, शिळा यांना संरक्षण आहे, पाहुणे त्यांच्यासाठीच येतात, आणि सोन्याचा ठेवा संग्रहालयात सुरक्षित आहे. पण याच डोंगराच्या उतारांवर वाढत्या वाहाका शहराच्या वस्त्या चढत आहेत आणि त्यांच्या पायाखाली जातात ते टप्पे. त्यांवर कोरीव काम नाही, राजाचे नाव नाही, छायाचित्रात ते भरतही नाहीत. म्हणून त्यांचे जाणे फारसे कुणाला जाणवत नाही. तिथे चढणाऱ्या कुटुंबांनाही दोष देता येत नाही. त्यांना घर हवे आहे आणि स्वस्त जमीन उतारावरच मिळते. तरीही हे बोललेच पाहिजे की डोंगर पवित्र कसा झाला, हे सांगणारा सर्वांत मोठा दस्तऐवज या तालींत आहे. राजांचा इतिहास शिळांवर आहे. ज्यांनी पाणी वर वाहिले, माती भरली, शेजाऱ्याची ताल आपली म्हणून सांभाळली त्यांचा इतिहास फक्त उतारावर आहे. तो गेला तर माथ्यावरचे पटांगण राहील, पण ते कोणी आणि कशासाठी केले हे सांगणारे उरणार नाही. वाचकाने पुढील पानांकडे वळताना भव्य जोत्यांबरोबर या साध्या टप्प्यांकडेही तितक्याच आदराने पाहावे, आणि जी गावे आजही आपल्या टेकड्या चढतात त्यांना या वारशाचे कर्ते मानावे. त्यांना विचारल्याशिवाय त्या डोंगरांविषयी घेतलेला कोणताही निर्णय अपुरा राहील.